शिदूमामा, तुमचा खालचा ओठ

शिदूमामा, मला माणसात कुणी आणलं असं कुणी विचारलं की मी पहिलं तुमचं नाव घेतो. आईचं दुसरं. हा क्रम आईनेच लावून दिला आहे, तेव्हा तुम्ही संकोच करू नका.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. मामी रोज सकाळी तुमचे काळे बूट काढते, पॉलिश करते आणि परत जागेवर ठेवते. मी विचारलं तर म्हणाली, "चामडं वाळतंय रं. बाकी काय न्हाई." पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या. माजी सैनिक, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात पत्नी. ‘मनमिळाऊ’ वाचल्यावर मामी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. तुमचं कुणाशी पटायचं? दूधवाल्याशी नाही, गल्लीतल्या कुत्र्यांशी नाही, माझ्याशी तर नाहीच. आणि त्या चार ओळींत बिगुलाचं नाव नव्हतं. म्हणून मी लिहायला बसलो. बिगूल वगळून जो उरतो तो कुणी दुसराच माणूस आहे.

पलटणीच्या बँडमधून हवालदार म्हणून निवृत्त होऊन तुम्ही साताऱ्याला आलात आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटवर नोकरी धरलीत. पण तुमचं खरं काम वेगळंच होतं. आसपासच्या कुठल्याही गावात एखादा म्हातारा सुभेदार, नाईक, साधा शिपाई गेला की तिथून कुणीतरी सायकल मारत तुमच्या दारात यायचं. तुम्ही जेवत्या ताटावरून उठायचात. इस्त्रीचा गणवेश, छातीवर पदकं, बगलेत बिगूल. मिळेल त्या एसटीने, दुधाच्या टेम्पोने, एकदा तर उसाच्या ट्रॅक्टरवर बसून तुम्ही स्मशान गाठलंत आणि अग्नी द्यायच्या आधी शेवटची धून वाजवलीत. लढाईत पडलेल्यासाठी पलटणीतून माणसं येतात. अंथरुणावर मेलेल्या शिपायासाठी कोण येणार? तुम्ही जायचात. "त्यानं बी जलमभर सलामी ठोकलीया की," तुम्ही म्हणायचात. "त्याला कुनी ‘जा बाबा, तुझी ड्यूटी सपली’ म्हनायला नगो व्हय?"

लहानपणी एकदा तुमची नजर चुकवून मी तो बिगूल फुंकून पाहिला होता. अडलेली म्हैस कण्हते तसा आवाज निघाला. तुम्ही दारात उभे. मला वाटलं, आता पाठ मऊ होणार. पण तुम्ही म्हणालात, "फुंकतोस काय चूल पेटवल्यागत? ह्याला भोकं न्हाईत, चाव्या न्हाईत. समदे सूर हितं असत्यात." आणि स्वतःच्या खालच्या ओठावर बोट ठेवलंत. "ह्यो आवळला की वरचा सूर, सैल सोडला की खालचा. पितळ नुसतं वरडतं. बोलतो त्यो ह्यो."

पुढे मी चेहऱ्याचं शरीरशास्त्र शिकलो, जाडजूड पुस्तकं पाठ केली. ओठाविषयीचा माझा पहिला धडा मात्र तोच.

वडील गेले तेव्हा मी औंधच्या शाळेत पाचवीत होतो. तेराव्याला तुम्ही आलात आणि आईला म्हणालात, "ह्याला मी नेतो. शिकला तर तुझा, न्हाई शिकला तर माझा." त्या दिवसापासून दोन खोल्यांच्या तुमच्या घरात रोज सकाळी एका पोराचा रोल कॉल व्हायचा. "मारुती!" "हाजिर साब!" "पाढे?" "हाजिर साब!" मामी आतून ओरडायची, "आवं, दूध तरी पिऊ द्या त्येला, लढाईला चाललाय व्हय?" मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, जगात मी आहे की नाही याची रोज सकाळी कुणीतरी इतक्या मोठ्याने खात्री करून घेत होतं.

दातांच्या डॉक्टरीला सांगलीत माझा नंबर लागला. प्रवेशाच्या दिवशी तुम्ही पदकं लावून आलात. ऑफिसातला क्लार्क तुम्हाला बघून उठून उभा राहिला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येताना एसटीत तुम्ही विचारलंत, "डाक्तर म्हंजे अख्ख्या मानसाचा का नुसता दातांचा?"

"नुसता दातांचा, मामा."

"म्हंजे लान्स नाईक. आसू दे. व्हईल पुढं प्रमोशन."

पुढे तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या उच्च शिक्षणाला मी तिथेच लागलो, तेव्हा तुमचं कार्ड आलं. त्यावर एकच शब्द होता: नाईक.

मग ती दिवाळी. तुम्ही आरशासमोर दाढी करत होतात आणि मी मागे उटणं लावून बसलो होतो. साबणाचा फेस उतरला तसा तुमचा उजवा जबडा मला भरलेला दिसला. जवळ जाऊन मी बोटाने दाबलं. अंड्याचं टरफल दाबावं तशी पातळ झालेल्या हाडाची करकर बोटाला लागली. पुस्तकात वाचलेली ती करकर मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवली, आणि तीही तुमच्या चेहऱ्यावर.

"काय रं नाईक? दात किडलाय?"

"सांगलीला यावं लागेल, मामा."

एक्स-रेत हाडाच्या जागी साबणाच्या फेसासारखे गोल दिसले. तुकडा तपासायला पाठवला. मी ज्यांच्या हाताखाली शिकत होतो त्या आमच्या मॅडमनी तुम्हाला समोर बसवून सगळं सांगितलं. दात तयार करणाऱ्या पेशींपासून उठलेली गाठ. कॅन्सर नाही. पण हाड पोखरत जाते, आणि खरवडून काढली तर मागे राहिलेल्या एखाद्या कणातून पुन्हा उगवू शकते.

तुम्ही विचारलंत, "ओठाचं काय?"

मॅडमनी जांभळं पेन घेतलं आणि तुमच्याच चेहऱ्यावर रेघा काढल्या. एक नस कानाखालून निघून हाताच्या पंज्यासारखी गालभर पसरलेली. "ही चेहरा हलवते. डोळा मिटणं, हसणं, ओठ आवळणं, सगळं हिचं. हिला धक्का लागणार नाही." मग दुसरी रेघ, जबड्याच्या हाडावरून हनुवटीच्या अलीकडे येऊन थांबलेली. तिथे त्यांनी एक ठिपका दिला. "ही हाडाच्या आतल्या बोगद्यातून येते, या भोकातून बाहेर पडते आणि खालच्या ओठाला जाते. ही काही हलवत नाही. हिच्यामुळे ओठाला फक्त कळतं. गरम, गार, टोचलं, टेकलं. तुमची गाठ नेमकी हिच्या अंगावर बसली आहे."

रस्ते दोनच होते. उजवीकडचं हाड गाठीसकट काढायचं, म्हणजे नस त्याबरोबर जाणार. अर्धा ओठ हलेल, पण त्याला काही कळणार नाही. गाठ मात्र बहुधा परत यायची नाही. किंवा हाड ठेवून गाठ खरवडायची आणि नस वाचवायची. पण नसेच्या अगदी लगत खोल खरवडता येत नाही, कण जाळणारं औषध तिथे लावता येत नाही. तेवढी कड धोक्याची राहते.

"हलतो पर कळत न्हाई," तुम्ही म्हणालात. "म्हंजे आंधळ्याच्या हातात बंदूक."

रेघा पुसायच्या राहिल्या तशाच आपण बाहेर चहाला गेलो. टपरीवाल्याने तुमच्या गालाकडे बघत विचारलं, "मामा, नकाशा कशाचा काढलाय?" तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "सरहद्दीचा. दुश्मन आत शिरलाय." तो हसला. मला हसू आलं नाही.

त्या दिवशी कृष्णेच्या घाटावर आपण भांडलो. तुमच्या मांडीवर भडंगाचा पुडा होता, डाव्या बाजूने चावत तुम्ही नदी बघत होतात. मी म्हणालो, हाड काढू या. तुम्ही म्हणालात, ओठ ठेवू या. मी म्हणालो, गाठ परत आली तर? तुम्ही म्हणालात, तवाचं तवा.

"मामा, तुमचा जीव महत्त्वाचा का बिगूल?"

"जीव घेऊन करू काय? गेटावर उभा राहून शिट्टी वाजवू? शिट्टीला बी ओठ लागतो गड्या."

"तुम्ही एकटेच आहात का बिगूल वाजवणारे?"

"साताऱ्याच्या ह्या पट्ट्यात? व्हय. एकटाच."

ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडलो. आवाज चढवून मी काय काय बोललो. मामीचं काय, आईचं काय, असं सगळं. तुम्ही पुड्याचा कागद घडी करून खिशात ठेवलात. "तोंडी ऑर्डर आमी मानत न्हाई. काय कापनार, काय ठेवनार, काय गमवनार, समदं लेखी पाठव. मी घरी बसून वाचतो. हितं तुझ्या तोंडाकडं बघून मला न्हाई म्हनवत न्हाई."

मी लेखी पाठवलं. त्याचं उत्तर तुम्ही पोस्टाने दिलं नाहीत. ठरल्या दिवशी केस बारीक कापून, वळकटी बांधून तुम्ही स्वतःच वॉर्डात हजर झालात आणि मॅडमना म्हणालात, "ओठ ठेवा." मॅडमनी सगळं पुन्हा सांगितलं, पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा तेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पेशंट समजून बोलतोय, मारुती. निर्णय त्यांचा आहे." मी मान हलवली.

ऑपरेशनचं तुम्हाला मी कधी नीट सांगितलं नाही. आता सांगतो. तोंडाच्या आतून हिरडी उघडली, हाडाला खिडकी पाडली. आत गाठ, करडी, मऊ, कप्प्याकप्प्यांची. ती काढत गेल्यावर तळाशी तुमची नस दिसली. भिजलेल्या सुताच्या दोऱ्यासारखी, पांढरट, चपटी झालेली, पण अखंड. मॅडमनी तिच्याखालून रबराची मऊ पट्टी घातली आणि पट्टीची टोकं माझ्या हातात दिली. "ओढू नकोस. नुसती धर. नस तुटल्यावरच जाते असं नाही, ताणली तरी रुसते." मी धरून उभा राहिलो. त्या दोऱ्यावर सगळ्या म्हाताऱ्या शिपायांची शेवटची धून लटकलेली होती आणि त्याच्याच कडेला, डोळ्याला न दिसणारं, दुसरंही काहीतरी असेल याची मला भीती होती. मॅडम त्या कडेपाशी कितीतरी वेळ थांबून थांबून खरवडत राहिल्या. त्यांच्याइतकं जपून काम करणारा हात मी नंतर पाहिला नाही.

पहिले काही आठवडे ओठ बधिर होता. चहा तोंडात जायचा सोडून हनुवटीवरून ओघळायचा आणि मामी पदराने पुसायची. मग एका रविवारी मी साताऱ्याला आलो, तुम्हाला डोळे मिटायला लावले आणि कापसाची वात पिंजून तिचा एक धागा तुमच्या ओठाला लावला.

"डावीकडं," तुम्ही म्हणालात. "आता मधी. आता उजवीकडं, जरा खाली. आता..." तुम्ही थांबलात. "आता लावलाच न्हाईस. वरिष्ठाला फसवतोयस व्हय रं?"

मामी देवापुढे साखर ठेवायला आत पळाली. तुम्ही बिगूल घेऊन किल्ल्याच्या पायथ्याला गेलात. मी मागे आलो नाही. घरात बसून ऐकलं. पहिल्यांदा फाटका सूर आला, मग जरा बरा, आणि मग तो वरचा, लांब, सरळ. गल्लीतली कुत्री नेहमीसारखी भुंकायला लागली. त्या वेळी, खरं सांगतो मामा, मला वाटलं तुम्ही जिंकलात आणि मी हरलो, आणि हरल्याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

ती पाच-सहा वर्षं तुमची होती. ती कुणी काढून घेऊ शकत नाही, मीही नाही. कोरेगाव, रहिमतपूर, वडूज, पार मेढ्याच्या घाटापर्यंत तुम्ही हिंडलात. दर सहा महिन्यांनी सांगलीला येऊन एक्स-रे काढायचा असं ठरलं होतं. सुरुवातीला आलात. मग कधी पाऊस, कधी ड्यूटी, आणि बहुतेक वेळा कुठेतरी कुणी मेलेलं. मी फोनवर ओरडायचो. कोपऱ्यावरच्या बूथमधून तुमचा आवाज यायचा, "मढं काय तुझी तारीख बघून पडतंय व्हय?" आणि शेजारी उभी असलेली माणसं हसल्याचं मला इकडे ऐकू यायचं.

औंधजवळच्या एका वस्तीवर एक जुने सुभेदार गेले, त्या वेळी मी आईकडे आलो होतो म्हणून स्मशानात हजर होतो. ऊन होतं. तरी तुम्ही जबड्यावरून मफलर गुंडाळला होता. धून सुरू झाली. खालचे सूर नेहमीसारखे. वर चढताना तो लांब सूर मध्येच तडकला. फुटला नाही, तडकला. तुम्ही सावरून घेतलंत, लोकांना कळलंही नाही. मला कळलं. मला ओठ दिसत नव्हता, त्याच्या मागचं हाड दिसत होतं.

नंतर पाण्याच्या टाकीपाशी तुम्ही तोंड धूत होतात. मी काही विचारायच्या आत म्हणालात, "ओठावर मुंगी चालती रं. पुसली तर मुंगी नसतीया."

"कधीपासून?"

"पाऊस लागायच्या आदीपासून."

पाऊस सरून गेला होता. मी तुम्हाला तिथेच दगडावर बसवलं, डोळे मिटायला सांगितलं. कापूस कुठून आणणार? येताना मी बरोबर घेतलेल्या आईच्या पिशवीतली फुलवात काढली आणि तिचा धागा उजव्या ओठाला लावला. तुम्ही वाट बघत राहिलात. मी पुन्हा लावला. हनुवटीवर लावला. माणसं आंघोळीला नदीकडे निघाली होती, कुणीतरी तुम्हाला हाक मारत होतं.

"लाव की," तुम्ही म्हणालात. "लावलास व्हय?"

मी वात मुठीत धरली. "चला, मामा," एवढंच म्हणालो.

या वेळी तपासणीत गाठीचा स्वभाव बदललेला निघाला. जी कॅन्सर नव्हती ती आता होती, आणि छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसांवर तिचे ठिपके दिसत होते. ती नसेच्या कडेला सोडलेल्या जागेतूनच उगवली का, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही, मारुती. सगळं हाड काढूनही परत आलेल्या गाठी मी पाहिल्या आहेत. कमी, पण पाहिल्या आहेत. आणि ते वेळेवर येत राहिले असते तर, हेही आहेच." तुम्हाला हवं तर त्यांचं उत्तर घ्या. मी अजून घेऊ शकलेलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात सरहद्दीवर लढाई पेटली आणि तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या आपल्या गावांत यायला लागल्या. तुमच्याच्याने वाजवणं होत नव्हतं, तरी एका गावाला तुम्ही हट्टाने मला घेऊन गेलात. गर्दी इतकी की झाडांवर पोरं. पलटणीतून आलेला बिगूलवाला अगदी कोवळा होता, मिशा नीट फुटलेल्या नव्हत्या. त्याने धून धरली आणि माझं लक्ष तुमच्याकडे गेलं. मफलरच्या आड तुमचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. हलत होते, मामा. मॅडमनी पहिल्या रेघेने दाखवलेली, चेहरा हलवणारी ती नस शेवटपर्यंत शाबूत होती. सगळं संपल्यावर तुम्ही त्या पोराजवळ गेलात, त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि लष्करी हिंदीत म्हणालात, "अच्छा बजाया बेटा. आखिरी सूर पे होंठ ढीला मत छोड़ना." त्याने तुमच्या सुजलेल्या जबड्याकडे पाहिलं आणि खाडकन सलाम केला.

शेवटच्या आठवड्यात तुम्हाला गिळता येत नव्हतं. मी चमच्याने ओठाशी पाणी लावायचो आणि ते डाव्या बाजूला लावायचो, म्हणजे तुम्हाला कळेल. त्या दुपारी मामी बाहेर धान्य निवडत होती. तुम्ही डोळे उघडलेत. बोलणं फार अस्पष्ट झालं होतं, पण मला तुमची सवय आहे.

"म्हन की एकदा."

"काय म्हणू?"

"तुला ठावं हाय काय त्ये. घाटावरचं. बोलून टाक. मोकळा हो."

मी चमचा वाटीत ठेवला. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. दर एक्स-रे चुकला तेव्हा होतं, पाण्याच्या टाकीपाशी होतं, छातीचा फोटो उजेडात धरला तेव्हा तर ओठापर्यंत आलं होतं. मी मान हलवूनच नाही म्हटलं.

"लेखी दिलंयस म्हनून?"

"व्हय, मामा."

तुमच्या तोंडाची डावी बाजू जराशी वर गेली. "ऑर्डर पाळतोस," तुम्ही म्हणालात. आणि दम घेऊन, "हवालदार."

हे माझं शेवटचं प्रमोशन. एवढी मोठी पदवी मला कुठल्या विद्यापीठाने दिलेली नाही.

तुमच्या स्मशानयात्रेला पदकं लावलेली म्हातारी माणसं कुठून कुठून आली. तुम्ही किती जणांच्या भावांना, बापांना पोहोचवलं होतं ते तेव्हा समजलं. प्रश्न एकच होता, आता तुमच्यासाठी कोण वाजवणार? कुणीतरी टेप आणला होता, त्यात धून भरलेली होती. मामीने तो बंद करायला लावला. "टेपवर वाजवली तर उठून बसीन म्हनलेत. आनि त्ये बसतील." मग एक म्हातारे नाईक पुढे झाले आणि त्यांनी नुसतं ‘सावधान’ म्हटलं. सगळे ताठ उभे राहिले, हात सलामीला गेले. ती धून जेवढा वेळ चालते तेवढा वेळ सगळे तसेच उभे होते. त्यातल्या प्रत्येकाला ती मनात कुठे चढते, कुठे उतरते ते पाठ होतं. जिथे तो लांब सूर येतो तिथे त्या नाइकांची हनुवटी थरथरली. मग सगळ्यांचे हात एकदमच खाली आले. मी नंतर अग्नी दिला.

भांडण मात्र संपलेलं नाही. कधी वाटतं, हाड काढलं असतं तर आज तुम्ही अंगणात बसून दूधवाल्याशी वाद घालत असता. कधी वाटतं, बधिर ओठाचा, खुंटीला बिगूल टांगलेला तुमच्यासारखा माणूस अंगणात बसलाच नसता. दोन्ही वाटतं. एकाच दिवसात दोन्ही वाटतं. राग येतो तो गाठीचा नाही, त्या मफलरचा येतो, पावसाच्या आधीपासून मुंगी चालत असताना तुम्ही मला कळू दिलं नाहीत त्याचा येतो. आणि मग मामी बूट पुसताना दिसते आणि रागाचं काय करायचं ते कळत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. परवा माझ्याकडे तासगावकडची एक तरुण बाई आली. त्याच जागी गाठ, तोच फेस एक्स-रेत. मी पेन उचललं, पण रेघ काढायच्या आधी तिला विचारलं, "बाई, या ओठाने तुम्ही काय काय करता?" तिच्या नवऱ्याला वाटलं डॉक्टरचं डोकं फिरलंय. ती मात्र विचार करून म्हणाली, "बाळाचं खिमट गार झालंय का, त्ये ओठाला लावून बघते." मी ते केसपेपरवर लिहून घेतलं. पुढे काय करायचं ते ती आणि मी मिळून ठरवू. तुम्ही असता तर म्हणाला असता, आधी लेखी दे तिला.

काल मामीने तुमची ट्रंक उघडली. डिस्चार्जच्या कागदांबरोबर, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, मी सांगलीहून पाठवलेलं पत्र होतं. "तुजंच हाय, ने," म्हणाली. नेलं. तुमच्यासाठी लिहिलं होतं, तुमच्याच नावाने इथे उतरवतो आणि थांबतो.

सांगली, सोमवार

ती. शिदूमामांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही लेखी मागितलंत म्हणून लिहितो. मॅडमना दाखवलं आहे, यात चूक नाही.

काय कापणार: मोठं ऑपरेशन केलं तर उजवीकडचं हाड, दात आणि हाडातली ओठाची नस. पुढे कमरेचं हाड तिथे बसवता येईल. लहान केलं तर फक्त गाठ.

काय ठेवणार: चेहरा हलवणारी नस दोन्हींत राहील. ओठ वाकडा होणार नाही. हसू तेच राहील.

काय गमावणार: मोठ्यात उजव्या अर्ध्या ओठाची जाणीव, कायमची. बिगूल ओठाला टेकलेला तुम्हाला कळणार नाही. लहानात आज काही नाही. पुढे काय, ते मला सांगता येत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.

माझं मत मोठं ऑपरेशन करावं असं आहे. घाटावर मी आवाज चढवला, तो चढवायला नको होता, पण मत तेच आहे. मला बाप दुसऱ्यांदा गमवायचा नाही.

तरीही ओठ तुमचा आहे. तुम्ही जे ठरवाल त्याप्रमाणे मी तुमच्या उशाशी उभा राहीन. लहान ऑपरेशन ठरलं आणि उद्या काही वाईट झालं, तर ‘मी तुम्हाला सांगितलं होतं’ हे वाक्य माझ्या तोंडून तुम्हाला कधीही ऐकावं लागणार नाही. तुम्ही म्हणालात तरी मी म्हणणार नाही. हे लेखी देतो.

मामीला नमस्कार. चहा फार गरम पिऊ नका.

पत्र मिळाल्याची पोच द्यावी.

तुमचा,
मारुती